अकराव्या पानावरच्या चार ओळी

१४ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव चिमाजीस आक्काचे पोटभर आशीर्वाद.

यंदा भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, लताबाई, धडधाकट भाऊ असताना चंद्राला कशाला? मी म्हटलं, चंद्र निदान तोंड तरी दाखवतो.

नाशिकरोड जेलच्या त्या मोठ्या दरवाजातून मी दोनदा परत आले. पहिल्यांदा वाटलं, नाव लिहिण्यात काही चूक झाली असेल. दुसऱ्यांदा तिथला शिपाईच म्हणाला, "मावशी, ते नको म्हणतात. सारखे हेलपाटे घालू नका." बिचारा चांगला होता. त्याने मला पाणी दिलं. म्हणून आता पत्र. पत्राला काही तू दारातून परत पाठवणार नाहीस.

तू का रागावलास ते मला ठाऊक आहे. ललित दवाखान्यात होता तेव्हा मी त्याला डबा नेला. नेला तर नेला. त्याची आई नाही, बायको बाळंतपणाला देवळ्याला माहेरी गेलेली, आणि उजव्या हाताला एवढं मोठं प्लास्टर. त्याला जेवता येईना. ज्याला मी अंगणवाडीत बोट धरून 'अ' गिरवायला शिकवलं आणि ज्याला तू खांद्यावर बसवून कालव्यावर पोहायला न्यायचास, तोच हा ललित. त्याच्यावर फावड्याचा दांडा उचलताना तुला ते आठवलं नाही. डबा भरताना मला आठवलं. यात मी कोणाची बाजू घेतली असं तुला वाटत असेल तर वाटो.

त्याच्या दोन बोटांना अजून जाणीव नाही. डोक्याची जखम भरली.

तुझी सरू म्हणाली की तुला पत्र देण्याआधी तिथले साहेब ते वाचतात. साहेब, नमस्कार. यात लपवण्यासारखं काही नाही.

मळा बरा आहे. ललितने त्याच्या द्राक्षबागेला तारेचं कुंपण घालून आपली गाडीवाट अडवल्यापासून टेम्पो सडकेवरच थांबतो. तुझा हर्षल आणि सरू फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन ओढ्यातून येतात. यंदा दसऱ्याचा झेंडू त्या दोघांनी तसाच वाहिला. हर्षलच्या मानेवर वळ उठले होते. मी हळद लावायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे आत्या, दुखलं पायजे."

काल मी मुद्दाम ओढ्याच्या चढापर्यंत गेले. कुंपणाच्या आत सगळी माती टाकून सपाट केलंय. खाली खडकात गाडीच्या चाकांच्या त्या दोन चाकोऱ्या असतील तशाच. पावसाळ्यात त्यांत पाणी साठायचं आणि आपण दोघं एकेका चाकोरीतून पळायचो, आठवतं? तुझे पाय बारके, तू मागे पडायचास आणि रडायचास की आक्काची चाकोरी सरळ आहे, माझीच वाकडी आहे. मग आण्णा गाडी थांबवून तुला शेवंतीच्या पाट्यांवर बसवायचे. दिवसभर तुझ्या चड्डीला शेवंतीचा वास.

पंचवटी आली की तुझं सुरू व्हायचं. आक्का, ही पाटी वाच. आक्का, ती वाच. रविवार कारंजापर्यंत एकही दुकान तू सोडायचा नाहीस. मराठी पाट्या मी धडाधड वाचायचे. इंग्रजी आली की ठोकून द्यायचे. एका घड्याळाच्या दुकानावरची पाटी वाचून मी तुला सांगितलं होतं, इथे हत्तीचं औषध मिळतं. पुढच्या बाजाराला तू गाडीवरून उडी मारून आत गेलास आणि हत्तीचं औषध मागितलंस. घड्याळवाला पोट धरून हसला. तू बाहेर येऊन म्हणालास, "त्यांच्याकडलं संपलंय." माझ्या वाचण्यात चूक असेल हे तुझ्या मनातही आलं नाही.

तब्येतीला जप. दाताकडे दुर्लक्ष करू नकोस.

तुझी आक्का


९ जानेवारी २०२५

चिरंजीव चिमाजीस आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "इकडे सर्व ठीक शे" हे वाचून आधी मला हसूच आलं. लिहून देणारा सटाण्याकडचा असणार. त्यांना माझा नमस्कार सांग. अक्षर चांगलं आहे.

पण पुढचं वाचून हसू गेलं. "जज विकला गेला होता. माझ्या पोराला जे करायचं ते करू दे. तू मधी पडू नको." हे मात्र त्या सटाणेकरांचं नाही, हे तुझं आहे. पोस्टकार्डावर असं कोणी लिहितं का? पोस्टमनपासून जेलरपर्यंत सगळ्यांनी वाचलं असेल.

चिमा, तुला माहीत आहे का पोराला काय करायचंय?

संक्रांतीच्या तिळगुळाचं सामान द्यायला म्हणून परवा मी मळ्यात गेले. हर्षल पाट्या धूत होता. मी म्हटलं, बाबा रे, ललितशी एकदा बोलून बघू या का, तोही आता नरमलाय. तर हसला. म्हणाला, "आत्या, पप्पांनी चुकीचा मानूस धरला. ललित्याने काय केलं? कुंपन घातलं. कुंपन कुनी बी घालतं. ज्याने त्याला खरं ठरवलं, त्याला कोन विचारनार?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजी काय नाय. सायेब रोज सकाळी नदीकाठी फिरायला येतात. एकटेच असतात. गळ्यात मफलर, हातात काठी नाय, काय नाय. मी बघून आलोय."

हे त्याने पाट्या धुता धुता सांगितलं. आवाजही चढवला नाही. तू चिडलास की तुझा आवाज ओढ्यापलीकडे जायचा, आम्हाला कळायचं. याचं कळत नाही. फोनच्या स्टेटसवर रोज एक वाक्य टाकतो, "न्याय मिळत नसेल तर तो घ्यावा लागतो" असली काहीतरी, आणि खाली त्याचे मित्र अंगठे दाखवतात. पंचवीस वर्षांचा पोरगा. गेल्या मेमध्ये त्याच्या सोयरिकीचं बघणार होतो आपण.

तू एका ओळीचं पत्र पाठव. "हर्षल, असलं काही करू नको" एवढंच. तुझ्या हातचं. जोडाक्षरं अडली तर अडू देत, वेडंवाकडं लिही. तो सध्या फक्त तुझं ऐकेल.

तू म्हणशील, आक्काला कोर्टाचा एवढा पुळका कुठून आला? आपले आण्णा सांगायचे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि तेव्हा सगळ्यात मोठ्याने मान डोलवणारी मीच होते. पुळका नाही रे. त्या जजसाहेबांना मी कधी पाहिलंही नाही. पण तो माणूस विकला गेला नव्हता हे मला माहीत आहे.

कसं माहीत, ते विचारू नकोस. चार वेळा लिहायला घेतलं आणि चार कागद चुलीत घातले. आज हात चालत नाही.

परवा पतंग उडवणाऱ्या पोरांना बघून आठवलं. तू मांजा सुताला सूत लावून गुंडाळायचास आणि पतंग उडवायला मात्र मला द्यायचास. म्हणायचास, आक्काला वारा कळतो. मला कधीच कळत नव्हता. पण तू असं म्हणालास की तो पतंग मी कसाही करून वर चढवायचेच.

आक्का


२ फेब्रुवारी २०२५

चिमा,

आज आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. पत्र शेवटपर्यंत वाच, किंवा वाचून घे. वाचून देणाऱ्याला माझी विनंती आहे की दादा, एकही ओळ गाळू नका.

पहिल्या पत्रात मी त्या साहेबांना लिहिलं होतं की लपवण्यासारखं काही नाही. ते खोटं होतं.

निकालाची नक्कल घेऊन तू माझ्या ओट्यावर आलास तो दिवस आठव. गेल्या वर्षी, फेब्रुवारीतच. चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून रस्त्याचा दावा फेटाळला गेला होता आणि वकील तुला "अपील करू" एवढंच म्हणाले होते. तू टोपी काढून खांबाला टेकून बसलास आणि नक्कल माझ्या पुढ्यात टाकलीस. "वाच आक्का. मी हारलो कशाने ते मला कळू दे." मी चष्मा लावून वाचायला लागले. सोळा पानं होती. दहा पानं नीट वाचली. अकरावं पान उघडलं आणि वरच्या चार ओळींवर माझी नजर गेली. त्या चार ओळी मी सोडून दिल्या आणि पाचवीपासून वाचलं. तुला कळलं नाही. तुला कळणार कसं?

संपल्यावर तू विचारलंस, "पन यात मी हारलो कशाने?" मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. मी म्हणाले, "कोर्टाचं कोर्टाला ठाऊक बाबा." तू टोपी झटकून डोक्यावर घातलीस. मग म्हणालास, "म्हंजी विकला गेला." मी नाही म्हटलं नाही. चहा ठेवायला आत गेले. चार दिवसांनी तू बाजारात फुलं उतरवलीस आणि तसाच कोर्टाच्या आवारात गेलास. तिथे ललित आपल्या वकिलाला पेढे द्यायला आला होता.

त्या चार ओळी या अशा आहेत. जशाच्या तशा उतरवून देते:

"सदर पंचनाम्यावरील पंच क्रमांक दोन ही गावातील अंगणवाडी सेविका असून तटस्थ व जबाबदार व्यक्ती आहे. तिने समक्ष पाहणी करून, जागेवर वहिवाटीच्या रस्त्याच्या कोणत्याही खुणा आढळल्या नसल्याबाबत सही केली आहे. या पंचनाम्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण दिसत नाही. सबब वादीचे तोंडी म्हणणे ग्राह्य धरता येत नाही."

पंच क्रमांक दोन मी आहे, चिमा.

आता तू म्हणशील आक्काने मुद्दाम केलं. तेवढं मात्र नाही. ते गारपिटीचं वर्ष होतं. गावात रोज कोणी ना कोणी पंचनामे करायला यायचं आणि गावात साहेब आला की पहिली हाक मला, हे तुला ठाऊकच आहे. लिहिता-वाचता येणारी, सरकारी रजिस्टर सांभाळणारी, दुपारी हमखास जागेवर सापडणारी. वीज पडून मेलेली म्हैस असो की वाहून गेलेली भिंत असो, मी सह्या केल्या. आधी आधी बघायला जायचे. मग जाईनाशी झाले. "बाई, तुमची सही म्हणजे गावाचा शिक्का," असं एक साहेब म्हणाले होते, ते मला फार आवडलं होतं.

त्या दिवशी पोरांची वजनं घ्यायची होती. एक पोरगं काट्यात रडतंय, खिचडी बुडाला लागतेय, आणि दारात मोटरसायकल. कोर्टाने पाहणीला नेमलेला तो माणूस होता, पण हे मला नंतर कळलं. त्याने कागद पुढे केला. वर गट नंबर होता, खाली मजकुराची जागा कोरी. "वर्णन नंतर लिहितो बाई, ऊन फार आहे." मी म्हटलं, लिहा. मला वाटलं गारपिटीचाच आहे. गट नंबर तुझ्या शेजारचा आहे हे बघायला मला एक क्षण पुरला असता. मी बघितलं नाही. सही केली आणि खिचडीकडे पळाले.

तो माणूस सडकेच्या बाजूने गेला असणार. तिथून कुंपण आणि सपाट माती याशिवाय काय दिसणार? मी बरोबर असते तर त्याला ओढ्याच्या चढावर नेलं असतं, पायाने माती उकरून चाकोऱ्या दाखवल्या असत्या. जजसाहेबांपुढे जो कागद आला त्यावर गावातल्या शहाण्या बाईची सही होती. त्यांनी दुसरं काय करायचं होतं? माझं सासरचं आडनाव वाचून तुझ्या वकिलांनाही कळलं नाही की ही तुझी बहीण. कागद तू कधी बघितलेच नाहीस. तू म्हणायचास, कागदाचं आक्का बघील.

हे आज का लिहिते ते सांगते. परवा टेम्पोच्या सीटमागे पोत्यात गुंडाळलेला कोयता दिसला. झेंडू तोडायला कोयता लागत नाही हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही.

मी हर्षलला आणि सरूला घरात बसवलं, दाराला कडी लावली आणि नक्कल काढली. अकरावं पान. या वेळी सगळं वाचलं.

हर्षल म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं. "आता सावकाश वाच." सावकाश वाचलं.

"ही पंच क्रमांक दोन कोन?"

"मी."

सरूने माझ्या हातातून ते पान घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "वन्सं, वरीस झालं मानूस आत हाय. ही ओळ तुमच्या घरात व्हती, आन तुम्ही मला चंद्राला ओवाळल्याचं सांगत व्हत्या." आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायची हिंमत झाली नाही.

हर्षल उठला. मला वाटलं, आता माझ्यावर धावून येतो, आणि खरं सांगते, आला असता तर बरं वाटलं असतं. तो मोरीत गेला आणि त्याने डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. बाहेर येऊन म्हणाला, "मी त्या सायबाचं घर बघून आल्तो आत्या. दारात बारकी सायकल व्हती. चार चाकांची." मग कोयता आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "पप्पांना मी नाय सांगनार. तूच लिही."

म्हणून लिहिलं.

आक्का


२७ जून २०२५

चिमा,

पाच महिने तुझं उत्तर नाही. मी वाट बघितली नाही असं म्हणणार नाही. पोस्टमन आता मला लांबूनच हाताने नाही म्हणून खुणावतो.

काल कोर्टात काय झालं ते हर्षल तुला मुलाखतीत सांगेलच. तरी माझ्याकडून सांगते.

मी तुझ्या वकिलांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, बाई, न बघता सही केली असं कबूल केलंत तर तुमच्यावरच बालंट येईल, नोकरी जाईल. मी म्हटलं, पोरांची वजनं दुसरं कोणीही घेईल. अपिलाच्या कोर्टाने माझा जबाब ऐकायचं मान्य केलं. वकील म्हणाले, असं सहसा होत नाही, नशीब समजा. नशीब कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही.

हर्षल बरोबर होता. त्याने माझी पिशवी धरली होती. माझ्याशी तो अजून कामापुरतंच बोलतो, पण पायऱ्या चढताना त्याने माझा दंड धरला. त्याची सोयरीक इगतपुरीकडे जुळते आहे. तुला विचारल्याशिवाय सरू हो म्हणणार नाही.

ललितही आला होता. मागच्या बाकावर बसला होता, उजवा हात मांडीवर डाव्या हाताने धरून. मी खडकातल्या चाकोऱ्यांचं सांगितलं तेव्हा त्याने मान खाली घातली. लहानपणी तोही त्यांत होड्या सोडायचा.

मी सगळं सांगितलं. खिचडी, वजनकाटा, कोरा कागद. मग समोरच्या वकिलाने विचारलं, "निकालात तुमचा उल्लेख आहे हे तुम्हाला सव्वा वर्षापूर्वी कळलं. मग गप्प का बसलात? आज भावाला वाचवायला ही गोष्ट रचलीत, असंच ना?"

रात्रभर मी उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "साहेब, माझ्या भावाला वाटतं की मी वाचते ते कधी चुकत नाही. ते त्याला तसंच वाटत राहावं म्हणून."

वकील खाली बसले. न्यायाधीश बाई होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टायपिस्टला म्हणाल्या, "जसंच्या तसं घ्या." अपिलाचं काय व्हायचं ते होवो. रस्ता मिळेल न मिळेल. ते मला सांगता येत नाही.

आणि मग जिन्यावर तू समोर आलास.

तुझी तारीख त्याच दिवशी आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन पोलीस, मध्ये तू. केस पांढरे झालेत. खंगलास. मी भिंतीला चिकटून उभी राहिले, म्हटलं आता हा तोंड फिरवेल किंवा शिव्या घालेल. दोन्हीची माझी तयारी होती. तू थांबलास. पोलिसाने थांबू दिलं. मला म्हणालास, "आक्का, मंग मी ललितला उगाच मारलं?"

तू मला रागाने विचारलं नाहीस. लहानपणी पाटी दाखवून विचारायचास ना, आक्का, हे काय लिहिलंय, त्याच आवाजात विचारलंस. आणि मी तुझी आक्का, जिला सगळं वाचता येतं, मी नुसती उभी राहिले. पोलिसाने "चला" म्हटलं. तू तीन-चार पायऱ्या उलट वळूनच चढलास, माझ्या तोंडाकडे बघत.

घरी येऊन जेवले नाही. रात्री विचार केला की काहीतरी बरं लिहावं. तुझी चूक नव्हती असं. रागाच्या भरात होतं असं. ललितने कुंपण घातलं नसतं तर, असं. एवढा वेळ आत राहून तुझ्याजवळ एक तरी गोष्ट होती, की आपल्यावर अन्याय झाला. तीही मी काढून घेतली. तिच्या जागी काहीतरी द्यायला हवं, असं वाटलं.

पण तू विचारलंस आणि मी पुन्हा ओळ गाळणार नाही.

हो चिमा. उगाच मारलंस.

आक्का